पाचव्या अंकातली घाई

अण्णा,

परवा वाचनालयाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. चार जण बोलले आणि चौघेही खोटं बोलले. एकाने तुम्हाला प्रेमळ म्हटलं, दुसऱ्याने निगर्वी. कचेरीत तुमच्या हाताखाली उभा जन्म काढलेला एक कारकून तर बोलता बोलता रडलासुद्धा. मी आणि आई बायकांच्या बाजूला मागे बसलो होतो. आई माझ्या कानाशी झुकून म्हणाल्या, "कोणाबद्दल बोलतायत गो हे?"

मला हसू फुटलं. पदर तोंडावर धरला. लोकांना वाटलं, सून रडतेय.

घरी आले तरी ते खोटं अंगाला चिकटल्यासारखं वाटत होतं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तुम्ही जिवंत माणसांबद्दलही चांगलं बोलला नाहीत, तेव्हा तुमच्या बाबतीत हा नियम मी पाळला नाही तर तुम्हाला काही वाटायचं कारण नाही. शोकसभेत कोणी नाटकाचं नावही काढलं नाही. त्यांना माहीतच नाही. ते माहीत असलेली माणसं या घरात तिघंच उरलोत, आणि त्यातलं निम्मं फक्त मला माहीत आहे.

शिरीषशी माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही त्याला म्हणाला होतात, "ज्या माणसाला मी जमिनीच्या फेरफाराच्या नोंदीसाठी टेबलासमोर उभं ठेवलं, त्याच्या अंगणात आता व्याही म्हणून बसू?" शिरीषनेच मला हे सांगितलं, हसत हसत, मोठी गंमत असल्यासारखं. तुम्ही उमरठला आलात, माझ्या बाबांच्या अंगणात बसलात, जेवलात, आणि महाडला परतल्यावर माझ्याशी बोलायला सुरुवातच केली नाहीत. जे काही असेल ते आईंमार्फत. "तिला सांग, चहात साखर जास्त झालीय." मी समोर ट्रे घेऊन उभी असायचे. आई माझ्याकडे बघायच्या, मी मान हलवायचे, कप परत न्यायचे. असं पाच-सहा वर्षं चाललं. पाहुण्यांना वाटायचं, घरात केवढी मर्यादा आहे.

संगणक शिरीषच्या हौसेने आला. पण त्याची कंपनी बिरवाडीजवळ, ड्युटी शिफ्टची. घरी असला की झोपलेला. पोलादपूरला कॉलेजात असताना मी संगणकाचा कोर्स केला होता, म्हणून ते यंत्र माझ्याकडे आलं. तुम्ही त्याच्याकडे बघतही नव्हतात. मग एक दिवस पुण्याहून तुमच्या भाच्याचा फोन आला. इंटरनेटवर काही हौशी मंडळी जुनी नाटकं आवाजात उतरवून ठेवतायत, म्हणाला. पैसा नाही, बिदागी नाही. ज्याने त्याने आपल्या घरात बसून आपल्या भूमिकेची वाक्यं वाचायची, ती फाइल मेलने पाठवायची, आणि नागपूरच्या कोणी नीलिमाताई आहेत त्या सगळ्यांचे आवाज जोडून नाटक उभं करणार. या खेपेला त्यांनी घेतलंय ते तुमचं नाटक.

तुमचं, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं. आज कोणी करत नाही असं. तुमच्या तोंडी त्याचं नाव नुसतं 'नाटक' होतं, जगात दुसरं नाटक नसल्यासारखं. तरुणपणी तुम्ही गणपतीत महाडला आणि पोलादपूरला त्यातले तात्यासाहेब केले होते. तात्यासाहेब इनामदार. गोदावरी ही त्यांची मुलगी, मनाविरुद्ध लग्न करते म्हणून ते तिला घराबाहेर काढतात, आणि पाचव्या अंकात अंथरुणाला खिळलेला बाप आणि परत आलेली मुलगी समोरासमोर येतात. अंघोळीच्या पाण्याबरोबर तात्यासाहेबांची स्वगतं आमच्या न्हाणीतून घरभर वाहायची. आईंनाही ती ऐकून ऐकून पाठ झाली होती.

फोन ठेवलात आणि आईंना म्हणालात, "तिला सांग, ते यंत्र चालू कर म्हणावं."

तुमचा नमुना मी रेकॉर्ड केला. तुम्ही स्वच्छ धोतर नेसून बसला होतात. आवाज असा लावलात की समोरच्या दुकानातला माणूस रस्ता ओलांडून बघायला आला. माइक ठीक चालतोय ना हे पाहायला त्याआधी मी गोदावरीचं एक पान वाचलं होतं. ती फाइलही मी नीलिमाताईंना पाठवून दिली. तुम्हाला विचारलं नाही.

चार दिवसांत त्यांचा मेल आला: मुलीचा आवाज कोणाचा? आम्हाला गोदावरीसाठी असाच हवा होता. तुमच्याबद्दल एवढंच की नमुना पुन्हा पाठवावा, जरा हळू आवाजात.

तुम्ही खुर्ची ओढून पडद्यासमोर ताठ बसलात. घरात तेव्हा तिसरं माणूस नव्हतं. आई देवळात गेल्या होत्या. तरीही तुम्ही म्हणालात, "लिही म्हणावं." कोणाला उद्देशून म्हणालात देव जाणे. मग एकेक शब्द तोलून सांगत गेलात, "माझ्या सुनेचा नमुना विचारात घेऊ नये. आवाज बरा आहे, पण उच्चार गावंढळ आहेत. न आणि ण यातला फरक तिला कळत नाही. गोदावरी इनामदाराची मुलगी आहे, उमरठच्या खळ्यातली नव्हे."

मी टाइप केलं. तेव्हा आम्ही मेलवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचो, आणि इंग्रजी अक्षरांत न आणि ण सारखेच दिसतात, हे तुमच्या लक्षात आलं नाही. 'गावंढळ'ला माझी बोटं अडखळली नाहीत. तुम्ही ते बघत होतात.

"पाठव म्हणावं."

पाठवलं. त्यासोबत तुमचा दुसरा नमुनाही पाठवला. तो पहिल्यापेक्षा मोठ्याने होता.

उत्तर आलं त्या दिवशी शिरीष घरी होता. त्याने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि दार लोटून घेतलं. "हे असं वाचून दाखवू नकोस त्यांना. सांग, नाटक रद्द झालं. नाहीतर सांग, नेट बंद आहे. म्हातारा माणूस आहे गं."

"मग गोदावरी मी कुठे करू? लपून?"

"तुला करायचीच आहे का?"

मी दार उघडून बाहेर आले. तुम्ही ओटीवर झोपाळ्यावर होतात. मी समोर उभी राहिले आणि मेल जसा होता तसा सांगितला. आवाज फार मोठा आहे, रंगमंचाची सवय दिसते, माइकला झेपत नाही. बोलताना कवळी टकटक वाजते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी धाप लागते, ती ऐकणाऱ्याला सहन होणार नाही. तात्यासाहेबांची भूमिका इंदूरच्या एका गृहस्थांना देत आहोत. सूनबाईंनी गोदावरी करावी. उच्चारांविषयी आपण लिहिलंत ते अगदी खरं आहे. तेव्हा ते आपणच सुधारून घ्यावेत, ही विनंती.

झोपाळा थांबला. तुम्ही माझ्याकडे सरळ पाहिलंत. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"परत सांग."

मी परत सांगितलं. 'कवळी'ला नाही थांबले, 'धाप'ला नाही थांबले. शिरीष दारात उभा होता. तो नंतर मला म्हणाला, तू फार क्रूर आहेस. असेन. पण अण्णा, जे तुम्ही माझ्या हाताने माझ्याबद्दल लिहून घेतलंत आणि जे मी माझ्या तोंडाने तुम्हाला तुमच्याबद्दल सांगितलं, त्यात एका अक्षराचंही खोटं नव्हतं. मला त्याचा पस्तावा तेव्हा वाटला नाही आणि आज तुमच्या फोटोला हार घातलेला असतानाही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझी पहिली वाक्यं रेकॉर्ड करायला बसले. घराला लागून पिठाची गिरणी. वीज असली की ती घरघरणार, आणि वीज गेली की संगणक बंद. शिरीषने इन्व्हर्टर घेतला होता, म्हणून ते कोडं सुटलं. दुपारी भारनियमन सुरू झालं की गिरणी थांबायची, गल्ली गप्प व्हायची आणि मी गाद्यांच्या कपाटाचं दार उघडून, आवाज घुमू नये म्हणून अंगावर गोधडी घेऊन, आत तोंड घालून वाचायचे. त्या दिवशी मी दोन ओळी वाचल्या आणि मागून आवाज आला.

"आणि. आनि नाही. आणि."

तुम्ही उंबऱ्यात उभे होतात.

"आणि," मी म्हटलं.

"जीभ टाळूला लागली पाहिजे. परत."

तिथून पुढे ते महिनोन् महिने चाललं. तुम्ही शिकवलंत असं मी म्हणणार नाही, तुम्ही सोलून काढलंत. 'पाणी', 'कोण', 'प्राण', 'क्षण'. एका वाक्यासाठी अख्खी दुपार. चुकलं की स्टीलचा पेला टेबलावर आपटायचात. एकदा म्हणालात, "तुझ्या तोंडात उमरठची माती आहे. बाहेर जाऊन थुंकून ये." मी म्हटलं, "माझ्या तोंडात माती तरी आहे. तुमच्या तोंडात दात नाहीत." आई आत पोळ्या लाटत होत्या, त्यांच्या हातातलं लाटणं थांबलेलं मला ऐकू आलं. आणि तुम्ही हसलात. खो खो हसलात, कवळी सटकली, ती हाताने धरून पुन्हा बसवलीत आणि डोळे पुसत म्हणालात, "हं. हा आवाज. गोदावरी बापाशी या आवाजात बोलते. वाच."

मी वाचलं. ते वाक्य आमच्या नाटकात अजून त्याच आवाजात आहे.

तुम्ही हसलात ती दुपार मला आवडते, हे कबूल करते. आता दुसरी दुपार सांगते.

माझे बाबा आले होते. उमरठहून पोलादपूर, तिथून एसटीने महाड, खांद्यावर तांदळाचं गाठोडं. मी कपाटात तोंड घालून वाचत होते, मला कळलंच नाही. तुम्ही त्यांना ओटीवर बसवून ठेवलंत, मला हाक मारू दिली नाहीत. माझं वाचन संपेपर्यंत ते तिथे टोपी हातात धरून बसले. मी बाहेर येत होते तेव्हा तुमचं वाक्य कानावर पडलं.

"तुमची लेक आता माणसासारखं बोलायला लागलीय."

आणि माझ्या बाबांनी हात जोडले. "तुमची किरपा हाय, सायेब," ते म्हणाले.

आपल्या व्याह्याला ते साहेब म्हणाले, अण्णा. आणि तुम्ही मान हलवून ते घेतलंत.

मी ओटीवर आले. महिनोन् महिने घासलेले माझे सगळे णकार मी त्या क्षणी थुंकून टाकले. मोठ्याने म्हटलं, "बाबा, उठा, जेवाय चला. हितं कोन सायेब नाय."

बाबा घाबरले. "असं बोलू नये गो," म्हणाले. जेवणावर त्यांचं लक्ष नव्हतं. संध्याकाळच्या गाडीने परत गेले. त्यानंतर आठवडाभर मी कपाट उघडलं नाही. दुपारी वीज जायची, गिरणी थांबायची, तुम्ही खुर्चीत येऊन बसायचात. मी भांडी घासत राहायचे. शेवटी तुम्ही आईंना म्हणालात, "तिला विचार, आज नाटक नाही का?"

पुन्हा 'तिला विचार'. आईंनी माझ्याकडे पाहिलं. आईही माझ्यासारख्याच, पोलादपूरच्या पलीकडच्या. त्यांचं 'नाय' तुम्ही लग्नानंतर पहिल्या वर्षातच मोडून काढलंत, 'गो' तेवढं राहिलं. त्या तुम्हाला म्हणाल्या, "मी नाही विचारणार. तुम्हीच विचारा."

तुम्ही विचारलं नाहीत. मी दुसऱ्या दिवशी आपणहून बसले. तुमच्यासाठी नाही. नीलिमाताईंचे दोन मेल येऊन पडले होते आणि गोदावरी आता माझी झाली होती. तुम्ही खुर्ची ओढून बसलात, घसा खाकरलात आणि जिथे सोडलं होतं तिथून सुरू झालात. बाबांबद्दल ना तुम्ही काही बोललात ना मी. ते तसंच राहिलं. मी वाट बघत होते, हे आता सांगते. तुमच्या तोंडून एक शब्द येईल म्हणून अगदी शेवटपर्यंत वाट बघत होते.

तात्यासाहेब आणि गोदावरीचे प्रवेश आले तेव्हा अडचण झाली. मी माझं एक वाक्य बोलायचं, मग इंदूरच्या गृहस्थांच्या वाक्यापुरती जागा मोकळी सोडायची, मग माझं पुढचं. रिकाम्या जागेत काय ऐकायचं? मला ताल सापडेना. मग तुम्ही कपाटाच्या दाराशी, माझ्या समोर, स्टूल घेऊन बसायला लागलात. माझं वाक्य संपलं की तुम्ही तात्यासाहेबांचं वाक्य बोलायचात, आवाज न काढता. नुसते ओठ हलायचे. भुवया, हात, मान, सगळं तात्यासाहेबांचं. आवाज तेवढा नाही. तुमचे ओठ मिटले की मी बोलायचे. घरात तुम्ही इतक्या जवळ माझ्या समोर कधी बसला नव्हतात.

नीलिमाताईंनी कळवलं, "रेकॉर्डिंग फार छान. मधल्या जागांमध्ये मागे कोणाचा तरी श्वास ऐकू येतोय, तो मी काढून टाकलाय." तुमचा श्वास होता. हाही मेल मी तुम्हाला सांगितला. "काढणारच," म्हणालात, आणि पुढच्या वेळी स्टूल हातभर मागे सरकवलंत.

पहिला अंक जोडून आला तो तुम्ही हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकलात. इंदूरचे तात्यासाहेब आणि महाडची गोदावरी. मी त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही, पण आम्ही बापलेकीसारखे बोलत होतो, एकमेकांचं ऐकून उत्तर दिल्यासारखे. संपल्यावर तुम्ही हेडफोन काढलेत.

"नाकात बोलतो," म्हणालात.

मग आतल्या खोलीत गेलात आणि कवळी काढून भिंतीकडे तोंड करून पडलात. त्या संध्याकाळी चहाही घेतला नाहीत.

पाचव्या अंकावरून आपलं भांडण झालं ते मिटलंच नाही. पुस्तकात गोदावरीच्या शेवटच्या भाषणाआधी कंसात 'रडत' लिहिलंय. मी म्हटलं, ही रडणार नाही. इतक्या वर्षांनी आलीय, बाप अंथरुणावर आहे, ही त्याच्यासमोर डोळ्यातून टिपूस काढणार नाही.

"नाटककाराने लिहिलंय रडत."

"नाटककार पुरुष होता."

"तुला रडता येत नाही, म्हणून सबब सांगतेस."

"मी तुमच्यासमोर कधी रडले का?"

तुम्ही पुस्तक मिटलंत. "नाही," म्हणालात. मग म्हणालात, "म्हणूनच तू वाईट नटी आहेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी यावर मी काय उत्तर द्यायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्याच सकाळी तुम्ही न्हाणीत पडलात.

अर्धांगाचा झटका. पुण्याला नेलं ते वरंध घाटातून. शिरीष पुढे, मी मागे तुमच्याशेजारी. प्रत्येक वळणाला तुमचं डोकं माझ्या खांद्यावर यायचं आणि प्रत्येक वेळी तुम्ही ते जिवाच्या कराराने उचलून सरळ करायचात. जीव जायची वेळ आली तरी सुनेच्या खांद्यावर डोकं नाही. घाट संपेपर्यंत थकलात. मग भोरपासून पुढे ते तसंच राहिलं. तुमच्या तोंडातून लाळ गळत होती, माझा खांदा भिजला. मी पुसली नाही. हललेच नाही. हे तुम्हाला कळत होतं, कारण तुमचे डोळे उघडे होते.

महिन्याभराने घरी आणलं. उजवा हात गेला, जीभ जड झाली. 'पाणी'चं 'पाई' व्हायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलतं ठेवा, जितकं बोलतील तितकी जीभ सुटेल. मी नाटकाचं पुस्तक घेऊन आले. "अण्णा, तात्यासाहेबांची वाक्यं म्हणू या. तुम्हाला पाठ आहेत, सोपं जाईल." तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत.

आईंशी बोलायचात. दूधवाल्याशीसुद्धा बोलायचात. मला स्वयंपाकघरात तो जड, गिळलेला आवाज ऐकू यायचा. मी खोलीत पाऊल टाकलं की बंद. आता 'तिला सांग'सुद्धा नव्हतं. मी तुम्हाला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली, आणि तुम्ही माझ्यासमोर ओठ घट्ट मिटून घेतलेत ते कायमचे.

शिरीष म्हणाला, "तुझ्यासमोर चुकायला घाबरतात ते."

मला ते कळत होतं. मीही तुमच्यासमोर चुकायला घाबरायचे, अण्णा, रोज घाबरायचे आणि रोज चुकायचे. मला भिंतीकडे तोंड फिरवायची सोय नव्हती. तुम्ही ती घेतलीत. तुमच्या सगळ्या क्रौर्यात मला हेच सर्वांत जास्त लागलं. पेला आपटलात तो नव्हे, गावंढळ म्हणालात ते नव्हे. चुकीचं का होईना, एकदा माझ्याशी बोलला असतात.

पाचवा अंक मी एकटीने रेकॉर्ड केला. रडले नाही. नीलिमाताईंना आवडला. त्यांनी तो जोडून पाठवला तेव्हा शिरीष आणि आईंना ऐकवायला मी बाहेरच्या खोलीत मोठ्याने लावला. तुमच्या खोलीचं दार उघडं होतं. तुम्ही पाठ करून पडला होतात. झोपलात असं आम्हाला वाटलं.

तुम्ही गेलात त्या दुपारी आई चहासाठी उठवायला गेल्या होत्या. मला हाक मारली नाही त्यांनी. शांतपणे बाहेर आल्या, माझ्याजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चहा एकच कर गो."

दिवसवार झाले, पाहुणे पांगले. मी एका संध्याकाळी आईंना विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. "आई, माझ्याबद्दल काही बोलले का ते?"

आई परडीत पिकत घातलेले आंबे उलटेपालटे करत होत्या. "बोलले."

"काय?"

"तुला ऐकवत नाही मी. तुला वाटेल, जाताना पण तेच."

"सांगा."

"म्हणाले, पाचव्या अंकात घाई करते म्हणून सांग तिला."

मी उठून आत गेले. फार संताप आला. दोन घास भरवलेल्या हाताचं नाव नाही, बाबांचं नाव नाही, आणि हे! संगणक लावला, पाचवा अंक काढला आणि चूक तुमचीच आहे हे सिद्ध करायचं म्हणून ऐकायला लागले.

घाई होती. गोदावरी बापाचं ऐकतच नव्हती. प्रश्न विचारत होती आणि उत्तर यायच्या आत पुढे सरकत होती. नीलिमाताईंनी जोडताना मधल्या जागा वाढवल्या होत्या, पण माझ्या आवाजातच वाट बघणं नव्हतं. का नव्हतं तेही मला लगेच समजलं. मोकळ्या जागेत समोर कोणी ओठ हलवत नव्हतं; ती रिकामी जागा मला सहन होत नव्हती, म्हणून मी ती भराभर ओलांडत होते.

तेव्हा मला रडू आलं. कपाटात तोंड घालून, गोधडीत, मोठ्याने. हे तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण मला रडता येत नाही असं तुम्ही म्हणाला होतात. रडणं संपल्यावर तोंड धुतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणी थांबल्यावर सगळा पाचवा अंक पुन्हा केला. या वेळी तात्यासाहेबांची वाक्यं मोकळ्या जागेत मी स्वतः म्हटली, आवाज न काढता, तुम्ही म्हणायचात तशी, भुवया उडवून. आणि गोदावरीची वाक्यं कोरड्या डोळ्यांनी म्हटली. तिथे मी तुमचं ऐकलेलं नाही. त्या कंसाच्या बाबतीत तुम्ही चूक होतात.

माहेरी गेले की आता मला हसतात. माझी धाकटी बहीण म्हणते, "तू पुण्याची झालीस गो." 'नाय' म्हणायला मला आता आधी विचार करावा लागतो. तुम्ही मला एक जीभ दिलीत आणि एक काढून घेतलीत. देताना विचारलं नाहीत, घेताना तर नाहीच. दिलेली चांगली आहे. तिच्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि हे मी तुमच्या हयातीत तुम्हाला म्हटलं नाही, कारण तुम्ही मान हलवून ते घेतलं असतंत, बाबांचं घेतलंत तसं.

नवा अंक नीलिमाताईंना पाठवला, सासरे वारल्याचंही कळवलं. त्यांचं उत्तर लगेच आलं. नवा अंक कितीतरी चांगला आहे, हाच घेते. आणि सगळ्या मंडळींचं मत पडलंय की हे नाटक अण्णासाहेबांच्या स्मृतीला अर्पण करावं. सुरुवातीला तसं एक वाक्य तुम्हीच तुमच्या आवाजात वाचून पाठवाल का?

शिरीषच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "कर गं. अण्णांना बरं वाटलं असतं."

मी लिहिलं, नको.

तुम्हाला बरं वाटलं नसतं. अर्पण करून घ्यायला तुम्ही आला नव्हतात, स्वच्छ धोतर नेसून भूमिका मागायला आला होतात. ती मिळाली नाही. ती इंदूरच्या गृहस्थांनी केली. काल मी सगळं नाटक पहिल्यापासून ऐकलं, तुमच्या खोलीत बसून, दार उघडं ठेवून. ते नाकात बोलतात हे खरं आहे. पण पाचव्या अंकात ते छान बोललेत, अण्णा. तुमच्यापेक्षा छान.